कामाचे हात

भूपेशने काकीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. गाठ मारताना तिच्या अंबाड्यावरची अबोलीची वेणी सरकली, तीही त्याने जागेवर बसवली. समोरच्या खुर्च्यांमधून टाळ्या आल्या. पुतण्या असावा तर असा, हे पहिल्या रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"दिसतंय का काकी?" त्याने माइकमध्ये विचारलं.

"काय दिसतंय कपाल," काकी म्हणाली आणि समाजमंदिर हसलं.

पालेगावात शिकलेली माणसं नव्हती असं नाही. पण ज्याचं नाव परदेशातल्या लोकांना घ्यावं लागतं असा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला होता. नाक्यावर फ्लेक्स लागला होता. वर पुढाऱ्यांचे चेहरे, मध्ये सूट घातलेला भूपेश, आणि खाली एका गोलात नऊवारीतली कमळाबाई. 'आपल्या मातीचा शास्त्रज्ञ, ज्याने यंत्राला स्पर्श दिला.' फ्लेक्स लावणारा चुलतभाऊ दिपेश जमिनीचे व्यवहार करायचा आणि अशा कार्यक्रमांत माइक कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही.

"आता पब्लिक, जरा शांत बसा," दिपेश म्हणाला. "एका साइडला आपली कमळाकाकी. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात अख्खी जिंदगी चेकिंग केलेली बाई. दुसऱ्या साइडला भूपेशची मशीन. तीन वर्षांमागे मशीन जिंकलेली. आज बघू, काकी बदला घेते का."

टेबलावर जीन्सच्या कापडाचे तुकडे एका फळीवर ओळीने लावले होते. त्यातल्या एका शिवणीत टाका सुटलेला होता. डोळे न वापरता, नुसतं बोट फिरवून तो शोधायचा. पलीकडे यंत्राचं बोट होतं, लोखंडी दांड्याला रबराची टोपी आणि मागे वायरींचा गुंता. त्याच्याजवळ हिमानी लॅपटॉप उघडून उभी होती. ती भूपेशची विद्यार्थिनी, उल्हासनगरची. पीएचडी संपत आलेली आणि म्हणून चेहरा सदा ओढलेला.

काकीने उजव्या हाताचं बोट पहिल्या तुकड्यावरून फिरवलं, मग दुसऱ्या. तिसऱ्या तुकड्याच्या कडेला एक टाचणी राहून गेली होती. तुकडे फळीला टाचताना कुणाच्या तरी हातून वाकडी बसलेली, टोक वर आलेली. काकीचं बोट शिवणीवरून सरकत आलं आणि टाचणी पेरात शिरली. बोट थांबलं नाही. ते तसंच पुढे सरकत राहिलं आणि निळ्या कापडावर एक ओली, काळपट रेघ उमटत गेली.

हिमानीने तोंडावर हात नेला. भूपेशने ते पाहिलं आणि मग रेघ पाहिली.

"हाच," काकी म्हणाली. चेहरा शांत, ओठांवर हसू. "हाच तो. बरोबर सांगितलं ना रं?"

टाका सुटलेला तुकडा पाचवा होता.

पहिल्या रांगेतली वेणूबाई पुढे आली, "अगो कमले, रगत," म्हणाली. काकीने पट्टी वर करून बोटाकडे बघितलं आणि मगच "आई गं" म्हणाली. ते तिला थोडं उशिरा सुचलं. हिमानीने एव्हाना बटण दाबलेलं होतं. यंत्राचं बोट तुकड्यांवरून सरकत तिसऱ्याशी आलं, टाचणीला लागताच मागे झालं आणि तांबडा दिवा पेटला.

"बघा," दिपेश म्हणाला, "मशीन घाबरली, पण आमची काकी नाय घाबरली. आगऱ्याची बाई आहे."

या वाक्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. मग शाल, श्रीफळ, आणि भूपेशचं भाषण. ते त्याने लांबवलं नाही. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

समाजमंदिराच्या मागे भांडी घासायच्या मोरीवर त्याने काकीचं बोट नळाखाली धरलं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. पुढची सगळी वर्षं याच हातांनी त्याला जेवू घातलं होतं, आणि चुकला तेव्हा बदडलंही होतं. आज तो हात नीट बघायची वेळ आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलेलं होतं. अंगठ्याजवळ जुन्या भाजल्याचे डाग होते, एकावर एक.

"दुखत नाही तुला?"

"मेलेत रं ते. निलीनं मेलेत." काकीने सहज सांगितलं, आज भात थोडा मऊ झालाय म्हणावं तसं. "जीन्सची नील बोटांत बसते ना, मंग बोटं मरतात. कारखान्यात समद्या बायका बोलतात."

"कधीपासून?"

"कवापासून म्हंजे..." ती आठवू लागली. "तू मना पयल्यांदा पट्टी बांधलेलीस ना कालेजात? त्याच्या पण आदीपासनं. मी तवा डोल्यांनीच चेकिंग करायची. टाका दिसतो ना, हात कशाला लावायचा."

नळ चालू होता. भूपेशने तो बंद केला नाही.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू ईचारलास कुटं? तू बोललास, लागलं का काकी. तुज्यासोबत मोठे सायेब होते. मी बोलली, लागलं." तिने ओला हात पदराला पुसला. "येवडा मान देऊन बोलवलास. नाय कशी बोलू?"

तीन वर्षांपूर्वीचा तो पेपर भूपेशचा पहिला मोठा पेपर होता, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही. यंत्राने शिवणीतला सुटलेला टाका नुसत्या स्पर्शाने शोधला, यात कुणाला फार नवल वाटलं नसतं. नवल होतं ते पुढच्या ओळीत. आयुष्यभर हेच काम केलेल्या अनुभवी बाईपेक्षा यंत्राने अचूक शोधला. त्या एका ओळीने पेपर जगभर गेला. आधी शिस्त म्हणून नायलॉनच्या बारीक-जाड दोऱ्यांनी काकीच्या बोटांची तपासणीही केली होती. दोरा टेकवायचा आणि लागला का विचारायचं. काकीची उत्तरं आली तशी उतरवून घेतली होती. मध्येच दोरा न टेकवता विचारून बघायचं असतं, हे भूपेशला तेव्हाही ठाऊक होतं. पण काकी खोटं कशाला बोलेल? जाडातला जाड दोराही नक्की कुठे टेकला ते तिला सांगता येत नव्हतं, ते त्याने एका वाक्यात उरकलं: कष्टाच्या कामाने कातडी जाड होते, अशा हातांत एवढी बोथटता सामान्य मानावी.

त्या वाक्याला पाय फुटले. एकाने लिहिलं, अनुभवी कामगार बाईचा स्पर्श बोथट आढळला. दुसऱ्याने त्याच्यावरून लिहिलं, कामगार बायकांचा. तिसऱ्याने मूळ पेपर न उघडताच दोघांचे संदर्भ दिले, आणि चौथ्याला वाटलं, तिघे म्हणतात म्हणजे ते सिद्धच आहे. शास्त्रातही गावगप्पा असतात, फक्त त्यांच्या खाली तळटीप असते. भूपेशचे संदर्भ वाढत गेले. बदलापूरच्या त्याच्या कॉलेजने दारातल्या बोर्डावर त्या संदर्भांचा आकडा लावला आणि तो वाढला की शिपाई खडूने बदलायचा. येत्या सोमवारी प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि समितीपुढे जायला भूपेशकडे तो आकडा सोडून दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हिमानी त्याच्या केबिनमध्ये आली. उभीच राहिली.

"सर, ती पिन काकींना समझलीच नाही."

"बारीक होती."

"मशीनला समझली ना, सर." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तीन साल पहलेचा डेटा परत बघितला. काकींची उत्तरं म्हणजे, सर, कोणी आंधळेपणाने टॉस केला तरी तेवढीच बरोबर येतील. म्हणजे आपण एक्सपर्टला हरवलंच नाही. आपण एका सुन्न हाताला हरवलं."

भूपेशने समोरचा पेन उचलून झाकण लावलं. आधीच लावलेलं होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"तुझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण कशावर आहे, हिमानी?"

तिने ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं.

"कशावर आहे?"

"याच पेपरवर."

"आणि सबमिशनवर सही कुणाची लागते?"

हिमानी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या वडिलांचं उल्हासनगरात बटणांचं दुकान होतं. पाहुण्यांसमोर ते आतापासूनच तिला डॉक्टर म्हणायचे. हे भूपेशला माहीत होतं, म्हणूनच तो घाईत नव्हता.

"काकींना डॉक्टरला तरी दाखवा, सर," शेवटी ती म्हणाली.

"दाखवतोय. ती माझी काकी आहे, तुझी नाही."

हे बोलताना त्याने खिशातून रुमाल काढला, आणि तो देखावा नव्हता. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती. काकीची वळलेली करंगळी डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि तिच्या मागोमाग समितीच्या टेबलामागचे चेहरे येत होते. माणूस एकाच वेळी दोन गोष्टींसाठी रडू शकतो. अडचण एवढीच, की पुसायला रुमाल एकच असतो.

उल्हासनगरला एका गल्लीच्या तोंडाशी, शिवणयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानावर, डॉक्टर श्रद्धांचा दवाखाना होता. कातडीच्या आजारांची डॉक्टर, वयाने लहान, बोलायला मोकळी. एका संस्थेसाठी ती कारखान्यांतून तपासणीची शिबिरंही घ्यायची. तिने काकीचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, कोपराच्या मागे चाचपून बघितलं. तिथे दोरीसारखी जाड नस लागली तेव्हा तिचं बोलणं थांबलं. मग तिने खणातून एक लहान पेटी काढली. आत काड्यांना लावलेले नायलॉनचे दोरे होते, बारकापासून जाडापर्यंत.

भूपेशने नजर भिंतीकडे वळवली. तसलीच पेटी त्याच्या प्रयोगशाळेत कपाटात होती.

"डोळे मिटा, आजी. लागलं की सांगा."

"लागलं," काकी म्हणाली. "लागलं. हां, लागलं."

"आजी, शेवटच्या दोन वेळी मी दोरा टेकवलाच नाही."

काकीने डोळे उघडले. पकडलेल्या शाळकरी पोरीसारखी ती कसनुसं हसली आणि तिने भूपेशकडे पाहिलं.

डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. "घाबरायचं नाही. हा कुष्ठरोग आहे. पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. घरातच राहायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं."

काकी घाबरली नाही. तिने फक्त तो हात उचलून पदराखाली घेतला आणि खुर्ची भूपेशपासून थोडी लांब सरकवली.

"दोन म्हैन्यांमागं कारखान्यात दोरावाली बाई आलेली," ती हळूच म्हणाली. "तिनं पण असंच केलेलं. बोलली, कामाचे हात हायेत, चालतंय."

"ते आमचंच शिबिर असेल," डॉक्टर म्हणाली. तिचा चेहरा पडला. "सूचना मीच लिहिलेल्या आहेत. शिलाईच्या बायकांना जाड दोरा कळला नाही तरी लगेच आजार धरू नये. तसं संशोधन आहे." मग तिने भूपेशचं नाव लिहिलेल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. "थांबा. तुम्ही तेच भूपेश का? यंत्राच्या स्पर्शाचं काम करणारे?"

"हो."

"मग तुमचाच तर संदर्भ दिलाय मी." ती मनापासून खूश झाली. "बदलापूरपासून कल्याणपर्यंत सगळ्या शिबिरांत त्याच सूचना वापरतात. आजींचा आजार आमच्या हातून निसटला, हे मला फार लागतंय. पण एखादी केस सुटते. तुमचं मोजमाप तर पक्कं आहे ना? ज्या बाईंवर तो प्रयोग केलात, त्यांना दुसरा काही त्रास नव्हता?"

खाली दुकानात कुणीतरी शिवणयंत्र चालवून बघत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"नव्हता," भूपेश म्हणाला.

"कोण होत्या त्या?"

"इथल्याच एक बाई. कारखान्यातल्या." त्याने नजर पुन्हा भिंतीकडे नेली. "आता संपर्क नाही."

काकी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. गावच्या नाक्यावर, फ्लेक्सच्या गोलात, याच कामासाठी तिचा चेहरा टांगलेला होता. तिने पदर हातावर नीट ओढून घेतला. ज्याची आपण लाज राखली त्याची ती आपणच घालवायची नसते, एवढं तिला कळत होतं. ते शिकायला तिला कॉलेज लागलं नव्हतं.

"बरं, आता महत्त्वाचं," डॉक्टर म्हणाली आणि पेन हातात घेतलं. "बधिरपणा नक्की कधीपासून आहे? सहा महिन्यांच्या आतला असेल तर नस वाचवायला मी वेगळ्या गोळ्या देते. स्टेरॉइड. बरेच महिने घ्याव्या लागतात. पण जुना असेल तर त्यांचा उपयोग शून्य. मेलेली नस उठत नाही, उलट गोळ्यांचाच त्रास. साखर आहे का आजींना?"

"हाय थोडी."

"मग तर ती फारच वाढेल. म्हणून विचारतेय. कधीपासून?"

भूपेशला उत्तर येत होतं. ते उत्तर या खोलीत उच्चारलं तर पुढचा प्रश्न काय येईल, आणि त्याच्या पुढचा, आणि मग सूचना, आणि सूचनांखालचं त्याचं नाव, हे सगळं त्याला एखादं गणित पुढे सरकावं तसं दिसलं. त्या गणितात बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या बायकाही होत्या, कामाचे हात आहेत म्हणून घरी पाठवलेल्या. त्या त्याला दिसल्या. दिसल्या नाहीत असं त्याला आयुष्यात कधी म्हणता येणार नव्हतं.

"चार महिने झाले असतील," तो म्हणाला.

डॉक्टरची नजर वळलेल्या करंगळीवर गेली. "नक्की? बोट बघून जुनं वाटतंय. हे बघा, अंदाज नको. तीन-चार वर्षांचं असेल तर मी या गोळ्या देणारच नाही. साखर असलेल्या बाईला उगाच विष देण्यासारखं होईल."

भूपेशने तोंड उघडलं. आतून काहीतरी वर येत होतं, आणि ते खरंच होतं, याबद्दल त्याला पुढेही शंका वाटली नाही. पण ते येईपर्यंत काकी बोलून गेली.

"चारच," ती म्हणाली. "पाडव्याला चांगले व्हते. मना म्हाईत ना, माजेच हात."

भूपेशने तोंड मिटलं. डॉक्टरने लिहिलं.

औषधं घेऊन ते खाली उतरले तेव्हा बाजार भरात आला होता. जीन्सचे गठ्ठे घेतलेले टेम्पो, मध्येच थांबलेल्या रिक्षा, रस्ता ओलांडायला जागाच नव्हती. पिशवी भूपेशच्या हातात होती. काकी त्याच्या मागे पायरीवर उभी होती आणि पदर नीट करत होती.

"बाला," ती म्हणाली. "बरोबर सांगितलं ना रं?"

त्याने मागे वळून बघितलं नाही. "हो काकी. बरोबर."

"सोमवारी तुजी ती मुलाखत हाय ना. मंग."

त्याने हात मागे केला, तिचा हात धरला आणि गर्दीत पाऊल टाकलं. लहानपणी याच बाजारात ती त्याला अशीच धरून न्यायची, मनगटाजवळ, घट्ट. रस्त्याच्या मध्यावर त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो काढून बघितला. कुठल्याशा देशात, कुणीतरी, त्याच्या पेपरचा आणखी एक संदर्भ दिला होता. एक टेम्पो अंगावर आला तसा तो स्क्रीनकडे बघतच पुढे निघून गेला आणि फुटपाथवर चढला.

तिथे पोचल्यावर त्याने मागे पाहिलं. काकी समोरच्या गाड्यांकडे बघत, सावकाश, न घाबरता रस्ता ओलांडत होती. तिचा उजवा हात पुढे धरलेला होता, वाकलेली बोटं हवेत कुणालातरी धरून असल्यासारखी. भूपेशचा हात सुटला आहे हे कळायला तिने अजून खाली बघितलं नव्हतं.